चेहऱ्याच्या आधी घोटा

आपल्या माणसाची पॉलिमर क्लेची मूर्ती घडवून भेट द्यायची म्हटलं की सगळं लक्ष चेहऱ्याकडे जातं. नाक जमलं का, हसू तसंच आलं का, यातच रात्री सरतात. मूर्ती टिकणार की मोडणार हे मात्र आतल्या सांगाड्यावर आणि ओव्हनमधल्या तापमानावर ठरतं. मला हे मामांच्या मूर्तीनं शिकवलं.

मामा एसटीत वाहक होते. त्यांच्या निवृत्तीसाठी मी वीतभर उंचीची मूर्ती केली. खाकी गणवेश, छातीवर बिल्ला, खांद्याला चामडी पिशवी, एका हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात चिमटा. चालत्या गाडीत तोल सांभाळायला मामा पाय फाकवून, एक गुडघा किंचित वाकवून उभे राहत. तीच ढब धरली होती. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ओव्हनचं बटण 130 अंशांवर ठेवून मूर्ती भाजली. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी उचलायला गेलो आणि डाव्या घोट्याशी ती कट्कन मोडली. तुटलेली कड खडूसारखी भुसभुशीत होती.

ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला तेव्हा उलगडा झाला. बटण 130 सांगत होतं, आत जेमतेम शंभर अंश होते.

पॉलिमर क्ले ही माती नव्हेच. ती पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं द्रव्य यांचं मिश्रण असते. शाडूसारखी ती हवेवर वाळत नाही; उष्णतेनं तिचे कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात. उष्णता कमी पडली की वरून टणक दिसते, आतून ठिसूळ राहते. नीट भाजलेली पातळ पट्टी थंड झाल्यावर किंचित वाकते, तुटत नाही. म्हणून मूर्तीबरोबर त्याच क्लेची एक पट्टी भाजा आणि ती वाकवून पाहा.

तापमान प्रत्येक कंपनीचं निराळं असतं. फिमो 110 अंशांवर अर्धा तास, तर प्रीमो स्कल्पी 130 अंशांवर, दर सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास भाजतात. आपल्या पाकिटावरचा आकडाच पाळा, आणि तो थर्मामीटरवर पाहा. घरातल्या छोट्या ओटीजीमध्ये तापलेली कांडी मूर्तीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे वरून फॉइलचं सैल छप्पर करा. जास्त तापलं तर रंग करपतो. क्ले जळू लागली तर घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. धूर दिसताच ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच भाजू नका.

आता सांगाडा. उभ्या मूर्तीचा सगळा भार दोन घोट्यांवर येतो. तार दुहेरी पिळून पायांपासून मानेपर्यंत न्या आणि तिची टोकं तळव्यांखाली बोटभर बाहेर ठेवा. पुढे तीच लाकडी पाटात बसवायची. धडात आणि डोक्यात फॉइलचा घट्ट दाबलेला गोळा भरा, त्यावर क्लेचा पाच-सहा मिलिमीटरचा थर चढवा. वजन कमी होतं, क्ले वाचते आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचते. भरीव जाड गोळा आत कच्चा राहतो किंवा तडकतो. हात, पेटी, पिशवी यांसारखे भाग अंगाला टेकवून घडवा. गरम क्ले नरम असते, म्हणून लोंबणाऱ्या भागांना भाजताना फॉइलचा आधार द्या. मूर्ती ओव्हनमध्येच हळूहळू निवू द्या.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी त्वचेचा रंग, मग खाकी, शेवटी बुटांचा काळा. फिकट क्ले हातावरची धूळ आणि कपड्यांचे तंतू लगेच ओढून घेते. ओला टिश्यू जवळ ठेवा. बसलेला तंतू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं निघतो. कच्ची क्ले पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवू नका, डाग पडतो. उन्हाळ्यात बंद गाडीत तर ती अर्धवट भाजूनच निघते. जे लाटणं, सुरी किंवा ताट क्लेसाठी वापराल, ते पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

रंगासाठी पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग आणि पाण्यातलंच व्हार्निश वापरा. चकाकी यावी म्हणून नेलपॉलिश लावलं तर क्लेतल्या द्रव्याशी त्याचं जमत नाही. महिनोन्‌महिने चिकटपणा जात नाही.

इतकं करूनही काही मोडलं तर धीर सोडू नका. ही क्ले पुन्हा पुन्हा भाजता येते, हा तिचा मोठा गुण आहे. मामांच्या घोट्यात मी दोन्ही बाजूंनी बारीक भोक पाडून तार घातली, सांध्याला द्रव क्ले लावली, वरून ताजी क्ले चढवली आणि या वेळी थर्मामीटर पाहत सगळी मूर्ती पुन्हा भाजली. समारंभाला ती वेळेवर पोचली. याच गुणामुळे मूर्ती टप्प्याटप्प्यानं करा: आधी चेहरा भाजून पक्का, मग कपडे, मग हातातल्या वस्तू.

चेहऱ्यासाठी समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो मिळवा. त्याहून महत्त्वाचं, घरच्यांना विचारा की हा माणूस उभा कसा राहतो, बसतो कसा. मामींनी मूर्ती चेहरा दिसण्याआधी, पाठमोरी असतानाच ओळखली.

तारखेच्या आठ दिवस आधी काम संपवा आणि मूर्ती स्वतः उचलून, फिरवून, हळूच दाबून पाहा. ज्यांच्यासाठी केली, त्यांनी ती बेधडक हातात घ्यावी, नातवंडांच्या हातीही द्यावी. मोडेल या धास्तीनं कपाटात बंद राहिली, तर भेट अर्धीच पोचली असं समजा.