सुट्ट्याचे बंदे करताना

वाण्याच्या गल्ल्यात सुट्टे नसतात, म्हणून तो दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट ठेवतो. त्याच इमारतीत, त्याच्याच वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी फ्रिजवर तीन किलो चिल्लर डब्यात पडून असते. बाजारात मोड मिळत नाही आणि घरात ती खपत नाही, अशी ही गंमत आहे. डबा काठोकाठ भरला की प्रश्न पडतो: याचे बंदे कुठे करायचे आणि त्यात किती पैसे कापले जातील?

सरळ उत्तर असे, की एक पैसाही न कापता चिल्लरीची पूर्ण किंमत मिळू शकते. अट एवढीच, की सगळा डबा एकाच ठिकाणी रिकामा करायचा हट्ट धरू नये. छोटी नाणी एकीकडे, मोठी दुसरीकडे, हे जमले की बट्टा द्यावा लागत नाही.

आधी डबा तोला

स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे कामाला येतो. नाणी प्रकारवार वेगळी करा आणि एकेक ढीग तोला. एक किलोत साधारण इतकी रक्कम असते:

- १ रुपया: २०० ते ३२५ रुपये
- २ रुपये: साडेतीनशे ते पाचशे रुपये
- ५ रुपये: साडेपाचशे ते सव्वाआठशे रुपये
- १० रुपये: सुमारे १,३०० रुपये
- २० रुपये: सुमारे २,३४० रुपये

पहिल्या तीन प्रकारांत एवढा फरक पडतो, कारण त्यांची वजने वेळोवेळी बदलत गेली. स्टेनलेस स्टीलचे जुने रुपयाचे नाणे ४.८५ ग्रॅमचे होते, २०११ च्या मालिकेतले ३.७९ ग्रॅमचे आहे आणि २०१९ पासूनचे त्याहूनही हलके. पाचाचे जुने जाडजूड नाणे ९ ग्रॅमचे, २०११ चे पिवळसर नाणे ६ ग्रॅमचे. म्हणून वजनावरून फक्त अंदाज घ्या; भरणा करताना मोजणीच करावी लागते.

वेगळी करताना एक सापळा आहे. जुने रुपयाचे नाणे आणि २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे, दोन्ही २५ मिलिमीटर व्यासाची आणि ४.८५ ग्रॅम वजनाची. रंगही एकच. हाताच्या चपळाईने ढीग करत गेलात, तर दोनाची नाणी रुपयात जातात आणि नुकसान आपलेच होते. आकडा वाचूनच वाटणी करा.

काय चालते, काय नाही

५० पैशांचे आणि १, २, ५, १०, २० रुपयांचे नाणे चलनात आहे. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली; ती बँकही घेत नाही. आठ आणे मात्र कायद्याने अजून चालू आहेत, दुकानदार नाक मुरडत असला तरी.

दहाच्या नाण्याबद्दलच्या अफवा अजून पूर्ण विरलेल्या नाहीत. 'रुपयाचे चिन्ह नाही म्हणजे खोटे', 'पट्ट्या कमी आहेत म्हणजे खोटे', असे ऐकू येते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की तोवर या नाण्याची १४ रूपे निघाली होती आणि ती सगळी वैध आहेत. रुपयाचे चिन्ह २०११ पासून नाण्यांवर आले, त्यामुळे आधीच्या नाण्यांवर ते नसणारच.

कापलेली, घासून गुळगुळीत झालेली, भोक पाडलेली नाणी वैध धरली जात नाहीत. ती आधीच बाजूला काढा. मळकी नाणी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी केली तरी पुरे. चिंच, ॲसिड यांच्या वाटेला जाऊ नका.

पहिला मार्ग: रोजच्या खर्चात मुरवा
खर्च: शून्य. वेळ: काही आठवडे.

डब्यात पाचशे रुपयांपर्यंत असतील, तर दुसरा कुठलाच मार्ग शोधू नका. सकाळी निघताना खिशात वीस-तीस रुपयांची नाणी टाका आणि जिथे बरोबर रक्कम द्यावी लागते तिथे ती द्या. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये झाले. असले आकडे चिल्लरीसाठी सोन्यासारखे. एसटीचा कंडक्टर, रेल्वेची तिकीट खिडकी, झेरॉक्सवाला, भाजीवाली या सगळ्यांना बरोबर पैसे देणारा माणूस हवाच असतो.

कायद्याची मर्यादा लक्षात ठेवा. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एका व्यवहारात रुपया आणि त्यावरची नाणी मिळून १,००० रुपयांपर्यंतच स्वीकारण्याचे बंधन आहे. आठ आण्यांची नाणी फक्त १० रुपयांपर्यंत. त्यामुळे चार हजारांचे वीजबिल चिल्लरीत भरायचा आग्रह धरलात आणि खिडकीवरच्या माणसाने नकार दिला, तर कायदा त्याच्या बाजूने असेल.

दुसरा मार्ग: गल्लीतला दुकानदार
खर्च: शून्य असायला हवा. वेळ: दहा मिनिटे.

पाचशे ते दोन-तीन हजारांसाठी हा सगळ्यांत सोपा मार्ग. किराणावाला, चहाची टपरी, डेअरी, वडापावची गाडी, औषधांचे दुकान यांना रोज मोड लागते. त्यांना विचारा, "पाचशेचे सुट्टे हवेत का?" बरेचजण हातचे काम सोडून हो म्हणतील. लग्नसराईत रुपयाच्या नाण्यांना विशेष मागणी येते, कारण आहेराच्या पाकिटात १०१ किंवा ५०१ घालायला तो वरचा रुपया लागतोच. गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांतही दुकानदार सुट्ट्यांच्या शोधात असतात.

शंभर-शंभर रुपयांच्या पुड्या बांधून न्या आणि त्यांच्यासमोर एखादी मोजून दाखवा. दुकानदाराने नोट दिली तर उत्तम. यूपीआयने पाठवले तर त्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट नव्हे, आपल्या ॲपमध्ये जमा झालेली रक्कम बघा. पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला, तर पुड्या उचला आणि चालू लागा.

आणि बट्टा? काही बाजारांत आणि देवस्थानांच्या आसपास सुट्टे विकण्या-घेण्याचा छोटा धंदा चालतो. तिथे शंभराच्या चिल्लरीला नव्वद-पंच्याण्णव रुपये देऊ करणारे भेटतात आणि तीच चिल्लर पुढे गरजवंताला बट्ट्यावर विकतात. दोन्हीकडून कमाई त्यांची. पाच टक्के म्हणजे दोन हजारांमागे शंभर रुपये. शेजारच्या दुकानात पूर्ण किंमत मिळत असताना ते सोडायचे कारण नाही.

तिसरा मार्ग: बँक
खर्च: शून्यापासून पुढे, बँकेनुसार. वेळ: आधीची मोजणी आणि तासभर.

इथे गैरसमज फार आहेत. 'एका दिवसात हजाराच्या वर नाणी घेत नाही', असे काउंटरवर ऐकायला मिळते. हजाराची मर्यादा देण्याघेण्याच्या व्यवहारातल्या सक्तीची आहे. खात्यात नाणी भरण्यावर रिझर्व्ह बँकेने कसलीच मर्यादा घातलेली नाही. कोणत्याही शाखेने नाणी घ्यायला नकार देऊ नये, ती खात्यात जमा करून घ्यावीत किंवा बदलून द्यावीत, अशी तिची सूचना आहे. एक-दोन रुपयांची नाणी शक्यतो वजनाने घ्यावीत आणि ग्राहकाने १०० नाण्यांच्या प्लॅस्टिक पिशव्या करून आणल्या तर दोघांची सोय होते, असेही ती सांगते.

शाखांची अडचणही खोटी नाही. नाणी जड असतात, जागा खातात, आणि पुढे न्यायला कोणी नसेल तर तिजोरीतच पडून राहतात. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या दानपेटीतली नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नसल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या. म्हणून हक्क माहीत असू द्या, पण तयारीने जा:

- १०० नाण्यांच्या पारदर्शक पिशव्या करा. एका पिशवीत एकच प्रकार. चिठ्ठीवर प्रकार आणि एकूण रक्कम लिहा.
- भरणा पावतीवर नाण्यांची रक्कम तिच्या रकान्यात वेगळी लिहा.
- आदल्या दिवशी शाखेत विचारून या. महिन्याचे पहिले दहा दिवस, सोमवार आणि बंद होण्याआधीचा तास टाळा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते.
- पैसे भरायच्या यंत्रात नाणी चालत नाहीत. ही यंत्रे फक्त नोटा घेतात. काउंटरवरच जावे लागते.
- मोजणी आपल्यासमोर होऊ द्या आणि शिक्क्याची पावती घेऊनच हला.

शुल्काबद्दल मात्र आधी विचाराच. बँका आपापले सेवाशुल्क ठरवतात. महिन्यात ठरावीक भरणे मोफत, त्यापुढे शुल्क, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि काही बँका नाणी मोजण्याचे वेगळे पैसे लावतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. दरपत्रक शाखेत आणि बँकेच्या संकेतस्थळावर असते. आपले खाते शून्य शिल्लक चालणारे मूलभूत बचत खाते असेल, तर भरण्यांच्या संख्येवर किंवा रकमेवर मर्यादा नाही आणि रोख भरणा मोफत आहे.

शुल्क नाण्याच्या संख्येवर असेल, तर कोणती नाणी बँकेत न्यायची यावर सगळे गणित फिरते. समजा, नाण्यामागे १० पैसे आकार आहे. रुपयाची ३०० नाणी भरलीत, तर ३० रुपये आकार आणि ५.४० रुपये जीएसटी, म्हणजे ३५.४० रुपये गेले. तीनशेतले जवळजवळ १२ टक्के. त्याच दराने दहाची ६० नाणी भरलीत, तर सहाशेतून ७.०८ रुपये जातील, जेमतेम सव्वा टक्का. म्हणून जिथे शुल्क आहे तिथे पाच, दहा, वीसची नाणी बँकेत न्या आणि एक-दोनची दुकानदाराला द्या.

चौथा मार्ग: पिग्मी
खर्च: मुदतीआधी मोडली तर कपात.

गावातली सहकारी बँक किंवा पतसंस्था आणि तिच्या ठेवीचे पैसे गोळा करायला रोज दारावर येणारा पिग्मी एजंट ओळखीचा असेल, तर रोजचे वीस-पन्नास रुपये नाण्यांत देता येतात. डबा भरतच नाही, हा मोठा फायदा. मात्र प्रत्येक भरण्याची नोंद पासबुकात किंवा यंत्राच्या पावतीवर घ्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते; पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. चिल्लरीपुरती रक्कम तिथे ठेवावी, आयुष्यभराची पुंजी नको.

शाखेने नाही म्हटले तर

आवाज चढवण्याआधी शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि नकार लेखी मागा. अनेकदा एवढ्यावरच काम होते. नाही झाले, तर बँकेच्या तक्रार विभागात लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे.

'जुन्या नाण्याचे लाखो रुपये'

डबा उपसताना १९९० चे डॉ. आंबेडकरांचे रुपयाचे नाणे किंवा १९९९ चे शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे हाती लागेल. आवडले तर जपून ठेवा. ही नाणी चलनासाठी मोठ्या संख्येने पाडलेली असल्यामुळे वापरून झिजलेल्या नाण्याला सहसा दर्शनी किमतीहून फार काही मिळत नाही. 'तुमच्या जुन्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी नोंदणी शुल्क भरा', असे सांगणारा फोन फसवणुकीचा समजा. अशा व्यवहारांसाठी आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क आणि कर उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. नाणी भंगारात किलोवर विकायचा विचारही नको: ती वितळवणे किंवा नष्ट करणे हा नाणे कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परदेशातून आलेल्यांच्या डब्यात सेंट, पेन्स, फिल्स निघतात. आपल्याकडचे परकीय चलन बदलून देणारे सहसा नोटाच घेतात. तिकडे जाणाऱ्या नातलगाला ती नाणी देऊन टाकणे, हाच त्यावर व्यवहारी तोडगा.

मग आपण काय करायचे?

एक नमुना घेऊ. डब्यात रुपयाची ३००, दोनाची २००, पाचाची १५० आणि दहाची ६० नाणी आहेत. एकूण २,०५० रुपये, वजन साडेतीन किलोच्या आसपास. एक-दोनची ७०० रुपयांची नाणी दोन दुकानदारांत वाटा. पाच आणि दहाच्या १,३५० रुपयांतले साडेतीनशे रिक्षा-तिकिटासाठी काढून ठेवा आणि उरलेले हजार बँकेत, किंवा तेही तिसऱ्या दुकानदाराला. बट्टा शून्य, चकरा तीन.

डबा वर्षभर तसाच ठेवला तर बचत खात्याच्या अडीच टक्के व्याजाने सुमारे पन्नास रुपये बुडतात. त्याहून मोठा तोटा म्हणजे शेवटी कंटाळून पाच-दहा टक्के बट्ट्यावर सगळे एकदम देऊन टाकणे, आणि कंटाळा डब्याच्या वजनाबरोबर वाढत जातो. म्हणून डब्यावर पाचशेची रेघ मारा. चिल्लर तिथवर पोचली की त्याच आठवड्यात वाण्याकडे न्यायची.