विहिरीवरील पंप हवा का ओढतो?

मार्च उजाडला की विहिरींची पाण्याची पातळी खाली जाऊ लागते आणि नेमक्या याच वेळी उन्हाळी भुईमूग, ऊस, भाजीपाला यांच्या पाण्याच्या पाळ्या जवळजवळ येतात. ‘पंप एअर घेतो’ ही तक्रारही याच दिवसांत अधिक ऐकू येते. पंप सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटे पाणी चांगले पडते. मग धार तुटू लागते, पाण्याबरोबर फसफस आवाज येतो आणि शेवटी मोटार नुसतीच फिरत राहते. अशा वेळी दोष मोटारीला दिला जातो आणि तीनऐवजी पाच अश्वशक्तीचा पंप बसविण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला मानणाऱ्याचे पैसे बहुधा वाया जातात. मोठा पंप त्याच सक्शन पाईपमधून जास्त पाणी घेऊ पाहतो, पाईपमधील घर्षण वाढते आणि ज्या भोकातून आधी थोडी हवा शिरत होती त्यातून ती जास्त जोराने शिरू लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपण म्हणतो की पंप पाणी ओढतो. प्रत्यक्षात पंखा फिरल्यामुळे पंपाच्या मध्यभागी दाब कमी होतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्यामुळे पंप चालू असताना पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंतच्या सक्शन पाईपमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तेथे बारीक भोक असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. जागा वरून कोरडी दिसते. शेतकरी मात्र ओल शोधतो, ती त्याला डिलिव्हरी पाईपवर सापडते आणि तेथील वॉशर बदलून तो मोकळा होतो. डिलिव्हरीच्या गळतीने पाणी वाया जाते हे खरे, पण चालू पंपात तेथून हवा शिरत नाही.

म्हणून सक्शनची गळती पंप बंद करून शोधावी. पंपात पाणी भरून तो सुरू करावा, डिलिव्हरी पाईप भरला की बंद करावा. फूट व्हॉल्व्ह शाबूत असेल तर डिलिव्हरीत उभ्या असलेल्या पाण्याचा भार आता सक्शन पाईपवरही येतो. मघाशी हवा आत घेणारे भोक आता पाणी बाहेर टाकू लागते. पाईप फडक्याने पुसून प्रत्येक जोडावर कोरडी राख लावावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाहावे. राख जेथे भिजली तेथे दोष. डिलिव्हरीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यास हा भार खाली पोचत नाही. तेव्हा पंप चालू ठेवून एकेका जोडावर साबणाचा दाट फेस लावावा. फेस आत ओढला गेला की जागा सापडली. जोडावर ओल्या चिकणमातीचा लेप दिल्यावर धार सुधारली तरी तोच अर्थ घ्यावा. मातीचा लेप हा मात्र तपास आहे, दुरुस्ती नव्हे.

फ्लँजमधील रबरी वॉशर कडक झाला असेल तर नवा घालावा व समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. आट्यांचे जोड खोलून स्वच्छ करावेत आणि सूत-सफेदा किंवा टेफ्लॉन टेप लावून पुन्हा बसवावेत. जुन्या लोखंडी पाईपला आट्यांच्या बुडाशी गंज लागून सुईएवढी भोके पडतात, ती हमखास नजरेतून सुटतात.

पाईपवर कोठेही ओल नाही, तरीही पंपात भरलेले पाणी उतरत असेल तर दोष फूट व्हॉल्व्हमध्ये आहे. झडपेखाली काडी किंवा खडा अडकतो, नाहीतर तिचे चामडे झिजते.

ग्लँडकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. चालू पंपाच्या ग्लँडमधून सेकंदाला साधारण एक थेंब पाणी गळले पाहिजे. हे पाणी दांड्याला थंड ठेवते आणि हवा अडवते. गळती दिसते म्हणून नट करकचून आवळले तर दोरी जळते, दांड्यावर चरे पडतात आणि मग तेथूनच हवा शिरू लागते. मेकॅनिकल सील असलेल्या मोनोब्लॉक पंपाला हे लागू नाही. त्याचे सील कोरडे ठणठणीत हवे.

काही वेळा भोक कोठेच नसते. फूट व्हॉल्व्हवर पाणी कमी राहिले की भोवरा पडतो आणि त्यातून हवा खाली जाते. फूट व्हॉल्व्ह पाण्यात किमान ६० सेंटिमीटर ते १ मीटर बुडालेला आणि तळापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर असावा. तेवढे पाणी नसेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून पाणी कमी घ्यावे. तसेच सक्शन पाईप पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये कोठे उंचवटा असेल तर तेथे हवा साठून राहते.

पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येत असेल तर प्रकरण वेगळे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकतो, पुण्यासारख्या उंचीवर सुमारे ९.७ मीटर. घर्षण वगैरे वजा जाता पाण्यापासून पंपापर्यंतची उंची ६ मीटरच्या आत ठेवावी. त्यापलीकडे पाण्यातच वाफेचे बुडबुडे होतात आणि पंखा खडबडीत होऊन झिजतो. जाळी चोंदली तरी असेच होते. मिस्त्रीकडे व्हॅक्यूम गेज असल्यास सक्शनला लावून पाहावा. वाचन नेहमीपेक्षा जास्त असेल तर पाणी खोल गेले आहे किंवा जाळी चोंदली आहे. कमी असेल तर हवा शिरते आहे.

उंची कमी करण्यासाठी पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरविता येतो, पण तो विजेचा असावा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये. त्याचा विषारी धूर विहिरीत कोंडतो आणि खाली उतरलेला माणूस, त्याला काढायला गेलेला दुसरा, असे एकापाठोपाठ जीव जातात.

हवा घेणाऱ्या पंपाला दुरुस्ती होईपर्यंत ऑटो स्विचवर ठेवू नये. रात्री वीज आली की तो कोरडाच सुरू होतो आणि सकाळपर्यंत ग्लँड किंवा सील जळून जाते. दुरुस्तीनंतर हवेचा नळ उघडा ठेवून पंपात पाणी भरावे. बुडबुडे थांबून सलग पाणी येऊ लागले की नळ बंद करावा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू करावा आणि मग तो हळूहळू उघडावा.