वितळवण्याआधी विचारा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
आजचा अभ्यास : विवेक



दिवाळीआधी सासूबाईंच्या गाठोड्यातले १२ चांदीचे रुपये वितळवून मी देवघरासाठी निरांजनांची जोडी करून घेतली. आपल्याकडे निजामाचं राज्य होतं, त्यामुळे त्यात चारमिनारचे हाली रुपये होते, तसेच इंग्रजांचे कलदारही. चांदी ती चांदी, असं मी धरून चालले. सासूबाईंना विचारलंही नाही. देवाचंच काम आहे ना!

नंतर भाच्याने माझ्या मोबाईलमधला फोटो मोठा करून पाहिला. एका कलदारावर १९३९ साल. सहाव्या जॉर्जचा त्या सालचा रुपया फार दुर्मिळ आहे. १९४० पासून तर रुपयातली चांदीच निम्म्यावर आली. नाणी जमवणारे १९३९ चा रुपया शोधत असतात, म्हणून त्याच्या नकलाही पुष्कळ निघाल्या आहेत. आमचा खरा होता की नकली, हे आता कळायला मार्गच नाही.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यातले चार माझ्या आईने दिले होते गं." पैशापेक्षा ते जास्त लागलं.

हेतू चांगला असला तरी विवेक सुटू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

आजचा नेम : जुनी नाणी मोडण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा. प्रत्येक नाण्याचं साल वाचा. घासूनपुसून चकचकीत करू नका, त्याने मोल कमी होतं. जाणकाराला दाखवा, मगच सराफाकडे न्या.

जय गुरुदेव.
– एक सेवेकरी भगिनी, दुबलगुंडी