रिपोर्टातले ठळक आकडे

अगं, काल रात्री साडेअकराला तू रिपोर्टाचे चार फोटो पाठवलेस आणि खाली फक्त ‘ताई, हे काय गं?’ एवढंच. तेव्हाच फोन करणार होते, पण तुझा डोळा लागला असेल तर कशाला उठवा, म्हणून थांबले. आता पाय वर घेऊन बस आणि नीट ऐक.

आधी त्या ठळक छापलेल्या आकड्याचं बोलू, झोप त्यानेच उडवली ना तुझी? अल्कलाइन फॉस्फटेज. बघ, रिपोर्टावर शेजारी जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या माणसाची असते. हे द्रव्य वारेतूनही येतं, त्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत आकडा दुपटीवर गेला तरी केवळ तेवढ्याने लिव्हर बिघडलं असं होत नाही. पांढऱ्या पेशीही या दिवसांत वाढतात. माझ्या वेळी याच ओळीवर बोट ठेवून मी रात्रभर रडले होते. एक फोन केला असता तर रडावं लागलं नसतं.

खरं सांगू का, उलटंही होतं आणि ते जास्त जपायचं. गरोदरपणात मूत्रपिंडं जोरात काम करतात, म्हणून क्रिएटिनिन एरवीपेक्षा कमी असतं, साधारण ०.८ च्या आतच. ते १.२ आलं तर कागदावर कदाचित साधंच छापलेलं दिसेल, पण डॉक्टरांच्या लेखी ती धोक्याची खूण. तुझं ०.६ आहे. म्हणून म्हणते, ठळक काय नि बारीक काय हे आपण ठरवायचं नाही. फाइल पुढे ठेवायची आणि ‘गरोदर बाईसाठी हे ठीक आहे का?’ असं सरळ विचारायचं.

आता तो नवा रिपोर्ट. तुझा एकतिसावा आठवडा, बीपी १४०-९० च्या आसपास घुटमळतंय, पाय सुजलेत, लघवीत अजून प्रथिनं नाहीत. म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाची, गरोदरपणात बीपी चढवणाऱ्या त्या आजाराची, शंका आहे, पण नक्की काही नाही. अशा वेळी वारेची तब्येत आईच्या रक्तावरून ओळखता येते. पीएलजीएफ नावाचं प्रथिन वारेतून येतं, ते रक्तवाहिन्या निरोगी ठेवतं. आणि एसएफएलटी-१ नावाचं दुसरं त्याला रक्तातच धरून निकामी करतं. वार आजारली की पहिलं घटतं, दुसरं वाढतं, आणि आईच्या रक्तवाहिन्या बिघडून बीपी चढतं. या दुसऱ्या प्रथिनाचा हात २००३ साली बॉस्टनमध्ये डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. म्हणून उद्या कुणी म्हणालं ना, की तू लोणचं-पापड खाल्लंस म्हणून हे झालं, तर मनाला लावून घेऊ नकोस. दोष तुझ्या ताटात नाही.

या दोन प्रथिनांचं गुणोत्तर तुझं ३१ आलंय. २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शंका असलेल्या बायकांत हा आकडा ३८ किंवा त्याहून कमी असला, तर पुढच्या आठवडाभरात प्रीएक्लॅम्प्सिया न होण्याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर निघाली. बघ, केवढा दिलासा आहे हा! पण एका आठवड्याचा. हा निरोप दुधासारखा आहे, ताजा असेपर्यंतच कामाचा. डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी बोलावलंय ते त्याचसाठी. आणि ३८ च्या वर गेला तर लगेच ऑपरेशन असंही नाही गं, फक्त जास्त डोळ्यांत तेल घालून बघतात. ही तपासणी महाग आहे, सगळीकडे होतही नाही. तुझ्या जावेची झाली नव्हती म्हणून तिने आता हळहळायचं कारण नाही. बीपी, लघवी, प्लेटलेट, लिव्हर आणि सोनोग्राफीतला डॉपलर यांच्या जोरावर डॉक्टर कितीतरी बायकांना सुखरूप पार नेतात.

प्लेटलेटचं मात्र मी तुला बजावून सांगणार आहे. तुझ्या एक लाख साठ हजार आहेत, या दिवसांत थोड्या उतरतातच. एक लाखाच्या खाली गेल्या तर काळजी. माझं काय झालं ठाऊक आहे? चौतिसाव्या आठवड्यात संध्याकाळी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मी म्हटलं, पित्त झालं. आमसुलाचं सार प्यायले, सुंठ चाटली, आणि रात्रभर कुणाला उठवलं नाही. तीन दिवसांपूर्वीचा रिपोर्ट चांगला होता ना, त्याच्याच भरवशावर राहिले. सकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा हॉस्पिटल गाठलं. प्लेटलेट ९२ हजार, लिव्हरचं एसजीपीटी चौपट. त्याच दुपारी सोनू झाली, एक किलो नऊशे ग्रॅमची, अकरा दिवस काचेच्या पेटीत. आज ती दुसरीत आहे, दोन पायऱ्या सोडून उड्या मारते. पण ती रात्र मी उगीच वाया घालवली, हे मला अजून सलतं.

म्हणून ऐक. डोकं ठणकून दुखलं, नजर अंधुक झाली, पोटाच्या वरच्या भागात कळ आली, चेहरा एकाएकी सुजला, बाळाची हालचाल मंदावली किंवा बीपी १६०-११० ला टेकलं, तर कालचा रिपोर्ट कितीही गोड असो, निघायचं. रात्री दोन वाजले असले तरी. ‘पित्त असेल’ हे डॉक्टरांना म्हणू दे, आपण नाही म्हणायचं. ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे ती कुणाच्या सांगण्यावरून सोडू नकोस, आणि कुणाच्या सांगण्यावरून वाढवूही नकोस.

रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये दे, म्हणजे मागचा आकडा पुढच्याशी नीट ताडता येतो. एकट्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं. रविवारी डोहाळजेवण आहे ना, होऊ दे थाटात, पण दोन तास झाले की आत जाऊन पड. पाहुण्यांना काय वाटेल ते मी बघते. आणि बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर ते डॉक्टरांना आत्ताच विचार. तिथल्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीची सोय आहे का, रक्त मिळतं का, हे आधी दादाला बघून यायला सांग. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव आणि ती फाइल सामानात नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेव. बाळ झाल्यावरही काही दिवस बीपी मोजायचंच, ते बाळंतपणानंतरही चढू शकतं.

तुला जमेल गं हे सगळं. आता ऊठ, पाणी पी, पाच मिनिटं शांत बसून बीपी मोज आणि आकडा मला पाठव. मी जागी आहे.