आधी सुटायची सोय, मग नांगर

भाचेबुवा, कयाक घेतलीस, छान केलंस. आता तिला नांगर हवा म्हणतोस, तेही खरंच आहे. वाशिष्ठीच्या खाडीत ओहोटी लागली की नांगराशिवाय एका जागी गळ टाकून बसणं जमत नाही. पण कयाक हलकी आणि तू तिच्यात एकटा, तेव्हा बांधायच्या आधी सोडायचं बघ. ज्याची गाठ वेळेवर सुटते, त्याची तळाशी गाठ पडत नाही.

१. नांगर दीड किलोचा, चार पाकळ्यांचा, घडीचा घे — कयाकला तेवढा पुरतो, आणि त्याहून जड उचलायला गेलास तर नांगर वर येण्याआधी तू खाली जाशील.

२. नांगर आणि दोर यांच्यामध्ये मीटरभर साखळी घाल — तिच्या वजनाने नांगर आडवा पडतो आणि पाकळी चिखलात रुतते.

३. साखळी नांगराच्या बुडाला पक्की अडकव, वरच्या कडीपाशी मात्र बारीक झिप टायने नुसती धरून ठेव — खडपात अडकला तर जोर लावताच टाय तुटतो आणि नांगर बुडाकडून उलटा निघतो. दोन-चार टाय खिशात असू देत.

४. दोर ६ मिलिमीटरचा, विणलेला, नायलॉनचा — बारीक दोर तळहात कापतो, आणि तरंगणारा दोर दुसऱ्याच्या होडीच्या पंख्यात जातो.

५. पाणी ४ मीटर असेल आणि ओढ असेल तर २० मीटर दोर सोड, संथ पाण्यात १२ चालेल — दोर जितका आडवा, तितकी पकड घट्ट. दोराला कंजूष, तो जागेला पारखा.

६. भरती चढत असेल तर थोडा दोर वाढीव ठेव — ओहोटीला पुरलेला दोर भरतीला आखूड पडतो आणि कयाकचं टोक पाण्यात ओढतो.

७. कयाकच्या एका बाजूला, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, दोन पुल्यांवर फिरणारी दोरी लाव आणि तिच्यात एक गुळगुळीत कडी ओव — बसल्या जागेवरून कडी हव्या त्या टोकाला नेता येते, रांगत जावं लागत नाही.

८. नांगराची ओढ नेहमी टोकावर, मधल्या बाजूवर कधीच नाही — मधे बांधलेली कयाक प्रवाहाला आडवी होते, पाणी एक कड दाबतं आणि सावरायला वेळ देत नाही.

९. दोराच्या शेवटी डमरूच्या आकाराचा भडक बोया निरगाठीने बांध आणि उरलेला दोर त्याच्यावरच गुंडाळ — पायाशी पसरलेला दोर सगळ्यात आधी पायालाच धरतो.

१०. बोयापासून तीन मीटरची वेगळी दोरी काढ, ती टोकाच्या कडीतून ओवून आसनाजवळच्या क्लीटच्या खाचेत दाब — म्हणजे दोरी सोडताच बोया आणि नांगर तिथेच राहतात, तू मोकळा होतोस.

११. या दोरीच्या मोकळ्या टोकाला गाठ मारू नकोस, टोक जाळून गुळगुळीत कर — ऐन वेळी गाठ कडीत अडकली तर सगळा खटाटोप पाण्यात.

१२. क्लीट उजव्या हाताशी बसव, तिच्यावर डबा, टोपी, गळ काही ठेवू नकोस — सुटायची वाट मोकळी नसेल तर ती वाट कसली?

१३. बोया ओढीत बुडत नाही ना, हे ओहोटीला जेट्टीपाशी बघून घे — साखळीचं वजन आणि पाण्याचा जोर मिळून लहान बोयाला खाली ओढतात, मग नांगर शोधणार कुठे?

१४. नांगर हाताशीच, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, हळू सोड. तळ लागला की हवा तेवढा दोर देऊन बोयावर सुरगाठ मार, बोया पाण्यात सोड, आणि मगच कडी टोकाला ने — क्रम बदललास तर दोर बगलेखालून जातो.

१५. फेरीबोट, लाँच किंवा मोठी होडी तुझ्याच रोखाने आली तर दोरी सोड आणि बाजूला हो — दाभोळ-धोपाव्याच्या फेरीच्या वाटेत तर नांगर टाकूच नकोस.

१६. मोठा जिताडा लागला तरी सोड आणि त्याच्यामागे जा — नांगरावर अडून बसलास तर तो तिवरांच्या मुळांत शिरून दोरा तोडतो. बोया कुठे पळून जात नाही.

१७. वल्हं कयाकला बारीक दोरीने बांधलेलं असू दे — नांगर सोडल्यावर हातात वल्हं नसेल तर खाडी नेईल तिकडे जावं लागेल.

१८. डोलीच्या जाळ्यांच्या खुंटांपासून लांब राहा — आपला नांगर दुसऱ्याच्या जाळ्यात गेला की दोघांचाही दिवस फुकट जातो.

१९. नांगर उचलताना प्रवाहाच्या विरुद्ध वल्हवत बोयापाशी ये, कडी पुढच्या टोकाला ने आणि बरोबर नांगराच्या वर येऊन सरळ ओढ — बाजूवरून तिरकं ओढलंस की कयाक कलते. हट्ट धरला तर बोयासकट तिथेच सोड, पाणी थांबलं की ये.

२०. तिथीची पाऊणपट केलीस की भरतीची साधारण वेळ मिळते, चतुर्थीला ३, अष्टमीला ६. पण छापील तक्ताही बघ — पाणी फिरलं की कयाक वळते आणि दोर तिच्याखाली जातो.

२१. पहिले दिवस अष्टमीच्या भांगाला शिक, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीच्या तोंडाशी जाऊ नकोस — नवख्याला पाणी सवलत देत नाही. पावसाळ्यात तर नारळीपौर्णिमेपर्यंत कयाक घरीच.

२२. लाइफ जॅकेट घालूनच बस, आणि बोथट टोकाची सुरी छातीवर अडकव — पेटीत ठेवलेली सुरी फक्त लिंबू कापायच्या कामाची.

२३. घरी आलास की पुल्या, साखळी, क्लीट गोड्या पाण्याने धू — मीठ सुकलं की पुली फिरत नाही आणि क्लीट सुटत नाही. धुण्याचा आळशी, सोडण्याचा कष्टी.

२४. परतायची वेळ मामीला सांगून जा आणि ती पाळ — उशीर करणाऱ्याला शोधायला वाडीतली माणसं धंदा सोडून होड्या काढतात, आणि तू धडधाकट सापडलास की मग जे ऐकवतात, त्याच्यापुढे खाडीचं पाणी गोड लागेल.