फोटो उजळावा, माणूस बदलू नये
सेवाक्षेत्रातील छायाचित्रांचे संगणकावर संपादन : एक अभ्यासपाठ



उपासनेनंतर अंक हातात पडला की पहिली नजर जाते ती फोटोंवर. अहवाल मागाहून वाचला जातो, कधी वाचायचा राहूनही जातो. फोटो मात्र सगळेच पाहतात. जे सभासद कधी पाड्यावर गेलेले नाहीत, त्यांच्या मनात वारली, कातकरी किंवा भिल्ल बांधवांचे जे चित्र उभे राहते ते बरेचसे या चार-सहा फोटोंमधूनच. म्हणून फोटो नीट करणे हे छपाईचे काम आहे, तसेच ते साक्ष देण्याचेही काम आहे. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा जिभेला लागू आहे, तशी ती माऊसलाही लागू आहे.

आपल्या तरुण संघांतले अनेक जण आता अंकासाठी, वार्षिक अहवालासाठी, पडद्यावर दाखवायच्या चित्रमालेसाठी फोटो तयार करतात. हा पाठ त्यांच्यासाठी आहे. पण देणगीदारांनीही तो वाचावा, कारण कसा फोटो पाहून आपले मन द्रवते यावर कसे फोटो छापले जातात हे ठरते.

पाठासाठी ‘गिम्प’ हे सॉफ्टवेअर घेतले आहे. ते विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते आणि त्याची प्रत कोणालाही देता येते. बर्कली येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याचे काम सुरू केले. ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांनाही हीच साधने जवळपास याच नावांनी सापडतील.

मिशन कार्याच्या इतिहासातील दोन उदाहरणे

लंडनमध्ये अनाथ मुलांसाठी काम करणारे डॉ. थॉमस बर्नार्डो हे मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे जोडफोटो छापून विकत असत. आधी फाटक्या कपड्यांतले मूल, नंतर स्वच्छ कपड्यांत कामाला लागलेले तेच मूल. काही फोटोंमध्ये मुलांची दशा होती त्यापेक्षा वाईट दिसेल अशी मांडणी केली होती, असा आरोप झाला आणि १८७७ मध्ये प्रकरण लवादापुढे गेले. बहुतेक आरोपांतून बर्नार्डो सुटले. पण रचलेल्या फोटोंबद्दल लवादाने त्यांना दोष दिला. त्यांचे काम खरे होते, मुले खरी होती, गरजही खरी होती. तरीही फोटोमुळे सगळ्या कामावर संशयाचे सावट आले.

दुसरे उदाहरण ॲलिस सीली हॅरिस या इंग्लिश मिशनरी बाईंचे. काँगोमध्ये रबराच्या वसुलीसाठी राजा लिओपोल्डच्या राजवटीत लोकांवर अनन्वित अत्याचार होत होते. १९०४ मध्ये न्साला नावाचा एक बाप आपल्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय घेऊन त्यांच्याकडे आला. त्यांनी त्याचा फोटो काढला. असे फोटो इंग्लंडमध्ये ठिकठिकाणच्या सभांत पडद्यावर दाखवले गेले आणि लोकमत पेटले. १९०८ मध्ये लिओपोल्डच्या हातून काँगो काढून घेण्यात आला, त्यामागे या फोटोंचाही वाटा होता. फोटोचे बळ एवढे असते. पण लोकांचा त्यावर विश्वास असेल तोवरच.

पाठासाठी एक फोटो

समजा, पाड्यावरच्या आरोग्य शिबिराचा फोटो आपल्याकडे आला आहे. निळ्या ताडपत्रीच्या मांडवाखाली एक आई मुलाला घेऊन बसली आहे. तिच्या शेजारी नवरा उभा आहे. मागे लख्ख ऊन आहे, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे काळवंडले आहेत. फोटो थोडा तिरका आहे. टेबलावर केसपेपर पडले आहेत. आईच्या हातात मोबाईल आहे. आता पायरी पायरीने काम करू.

१. मूळ फोटो जपावा. आलेला फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्याच्या प्रतीवरच काम करावे. गिम्पमध्ये फोटो उघडल्यावर ‘लेयर’ मेनूतून ‘डुप्लिकेट लेयर’ घ्यावे. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद समजा. वरच्या कागदावर काही बिघडले तरी खालचा शाबूत राहतो. काम ‘सेव्ह’ केले की ते एक्ससीएफ प्रकारात साठते आणि त्यात सगळे लेयर राहतात. छापायला द्यायची जेपेग प्रत ‘एक्स्पोर्ट’ने वेगळी काढावी. कोणी शंका घेतली, तर मूळ फोटो समोर ठेवता आला पाहिजे.

२. सरळ करणे आणि कापणे. मांडवाचा खांब उभा दिसेल इतका फोटो ‘रोटेट’ने फिरवावा. मग ‘क्रॉप’ने कडेची रिकामी जागा कापावी. इथेच पहिली कसोटी येते. फक्त आई आणि मूल ठेवले तर फोटो अधिक हृदयस्पर्शी होतो, पण शेजारचा बाप नाहीसा होतो. वाचकाला वाटेल, बाई एकटी आहे, निराधार आहे. कापताना एकही ठिपका बदललेला नसतो, तरी खोटे बोलले जाते. कडेची बादली कापावी. कुटुंबातला माणूस कापू नये.

३. रंगाची झाक काढणे. ताडपत्रीतून झिरपलेल्या उजेडाने चेहरे निळे पडले आहेत. ‘कलर्स’ मेनूत ‘लेव्हल्स’ उघडावे. तिथे काळा, राखाडी आणि पांढरा बिंदू निवडण्याची तीन ड्रॉपर आहेत. राखाडी ड्रॉपर घेऊन, मुळात राखाडीच असलेल्या वस्तूवर, म्हणजे मांडवातल्या सिमेंटच्या ओट्यावर किंवा खांबावर, क्लिक करावे. निळी झाक उतरते. पांढऱ्या कपड्यावर क्लिक करण्याचा मोह टाळावा. नीळ घातलेला कपडा मुळातच निळसर असतो. सॉफ्टवेअर त्यालाच राखाडी समजते आणि सगळा फोटो पिवळा पडतो. मांडवाबाहेरच्या उन्हात निळी झाक नव्हतीच, त्यामुळे हा बदल सगळ्या फोटोवर केला तर बाहेरची जमीन केशरी दिसू लागेल. म्हणून तो वरच्या लेयरवर करावा आणि पुढच्या पायरीतला मास्क वापरून बाहेरच्या भागावरून काढून टाकावा.

४. चेहऱ्यावर उजेड. ‘लेव्हल्स’मध्ये एक डोंगरासारखा आलेख दिसतो. डावीकडे शून्य म्हणजे पूर्ण काळे, उजवीकडे २५५ म्हणजे पूर्ण पांढरे. आपल्या फोटोत एक उंचवटा डाव्या टोकाला आहे, तो चेहऱ्यांचा आणि मांडवातल्या सावलीचा. दुसरा उजव्या टोकाला, तो उन्हाचा. सगळा फोटो उजळला तर बाहेरचे ऊन पांढरेफटक होईल आणि त्यातला तपशील जाईल. म्हणून आणखी एक डुप्लिकेट लेयर घेऊन मधला त्रिकोण थोडा डावीकडे सरकवावा. चेहरे दिसू लागतील. मग या लेयरला काळा ‘लेयर मास्क’ द्यावा. काळ्या मास्कने वरचा लेयर झाकला जातो; त्यावर पांढऱ्या ब्रशने रंगवू तेवढाच भाग उघडतो. मऊ कडांचा ब्रश घ्यावा, ‘ओपॅसिटी’ तीस-चाळीस टक्के ठेवावी आणि चेहऱ्यांवर हळूहळू फिरवावा.

थांबायचे कुठे? चेहरा, मान आणि हात यांची तुलना करावी. हातापेक्षा चेहरा गोरा दिसू लागला की आपण मर्यादा ओलांडली. सावली काढणे वेगळे आणि कातडीचा रंग बदलणे वेगळे. मोबाईलमधला ‘ब्यूटी’ पर्याय हा भेद जाणत नाही. तो रंग उजळतो आणि उन्हातान्हात राबलेल्या चेहऱ्यावरच्या रेघाही पुसतो. हा पक्षपात जुना आहे. कोडॅकचे रंगीत फोटो छापताना रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ नावाचे नमुने वापरत, आणि त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. सावळी कातडी त्या मापात नीट बसत नसे.

उलट दिशेची चूकही तेवढीच गंभीर आहे. जून १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने ओ. जे. सिम्पसन या आरोपीचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून मुखपृष्ठावर छापला. ‘न्यूजवीक’ने तोच फोटो त्याच वेळी न बदलता छापल्यामुळे फरक सगळ्यांना दिसला आणि मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे कोणी मुद्दाम असे करत नसेल. पण रंग उतरवून, काळोख वाढवून फोटो ‘दयनीय’ करण्याची पद्धत आहेच. पाड्यावरच्या बाईने शिबिराला येताना ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले असेल, तर ते हिरवेच दिसू द्यावे.

५. पुसणे. ‘हील’ आणि ‘क्लोन’ ही साधने शेजारचे ठिपके घेऊन नको असलेली गोष्ट झाकतात. भिंगावरच्या धुळीचा डाग जरूर पुसावा. तो डाग पाड्यावर नव्हता, कॅमेऱ्यावर होता. पण आईच्या हातातला मोबाईल? ‘मोबाईल दिसला तर लोक म्हणतील, यांना मदत कशाला?’ असे सुचवणारे कोणीतरी भेटतेच. तो पुसू नये. कामासाठी परगावी गेलेल्या माणसाशी बोलायचे, रुग्णवाहिका बोलवायची, तर आज पाड्यावरही मोबाईल लागतो. मदतीला पात्र ठरण्यासाठी कोणाला आहे त्यापेक्षा गरीब दिसावे लागत असेल, तर ती प्रीती नव्हे. वाचकाच्या मनात प्रश्न येत असेल, तर त्याचे उत्तर मजकुरात द्यावे. फोटोतून प्रश्नच पुसून टाकू नये.

६. ओळख झाकणे. एक प्रकारचा बदल मात्र करावाच लागतो. टेबलावरच्या केसपेपरवर नाव आणि आजार वाचता येतो का, हे फोटो मोठा करून पाहावे. येत असेल तर तो भाग कापावा किंवा झाकावा. मुलांच्या बाबतीत कायदाही आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे, चौकशीच्या किंवा न्यायालयीन प्रक्रियेच्या वृत्तात काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायद्याची गरज नसेल तिथेही वसतिगृहातल्या मुलाची दुःखद कहाणी त्याच्या चेहऱ्यासह छापू नये. ते मूल उद्या मोठे होईल आणि तो अंक कोणाच्या तरी कपाटात असेल.

चेहरा हलकासा धूसर करून भागत नाही. ओळखीच्या माणसाला कपडे, उभे राहण्याची ढब आणि मागचे घर पुरते. गणवेशावरचे बोधचिन्ह आणि शाळेची पाटी हीदेखील ओळखच. त्यापेक्षा पाठमोरा फोटो किंवा नुसत्या हातांचा फोटो निवडावा. शिवाय मोबाईलच्या फोटोत वेळ आणि कधी कधी नेमके ठिकाणही लपून साठवलेले असते. जेपेग ‘एक्स्पोर्ट’ करताना ‘एक्झिफ’, ‘एक्सएमपी’ आणि ‘थंबनेल’ या खुणा काढून टाकाव्यात. झाकलेल्या फोटोची एक्ससीएफ फाईल कोणाला पाठवू नये. तिच्यात मूळ चेहरा तसाच असतो.

७. छपाईसाठी पाठवणे. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके लागतात. अंकातला एक स्तंभ ९ सेंटीमीटर रुंद असेल, तर फोटोची रुंदी सुमारे १०६३ ठिपके हवी. ४००० ठिपके रुंदीचा मोबाईल फोटो सुमारे ३४ सेंटीमीटरपर्यंत छापता येतो. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की आकसतो. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. लहान फोटो ताणून मोठा केल्याने तपशील परत येत नाही.

फोटोओळ हेही संपादनच

फोटो खरा आणि खालची ओळ खोटी, असेही होते. गेल्या वर्षीच्या शिबिराचा फोटो यंदाच्या अहवालात घालू नये. घातलाच तर वर्ष लिहावे. ‘एक गरीब आदिवासी महिला’ असे लिहिण्यापेक्षा ती काय करते आहे ते लिहावे. नाव तिने परवानगी दिली असेल तरच छापावे, आणि ती परवानगी तिला कळणाऱ्या बोलीत, फोटो कुठे छापला जाणार हे सांगून घ्यावी. औषधाच्या रांगेत उभे असताना दिलेला होकार हा मोकळा होकार नव्हे, म्हणून तपासणी झाल्यावर विचारावे. छापील प्रत पुढच्या फेरीत त्या घरी पोचवावी.

शेवटची कसोटी सोपी आहे. तयार फोटो त्या आईच्या हातात दिला, तर ती शेजारणीला बोलावून तो दाखवेल, की पदराआड लपवेल? पवित्र शास्त्र सांगते की मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तिच्या चेहऱ्यावरची सावली आपण जरूर काढावी. तिचा चेहरा मात्र तिचाच राहू द्यावा.

सराव

१. पाठीमागे ऊन असलेला स्वतःच्या घरातला एक फोटो घ्या. लेयर मास्क वापरून फक्त चेहरा उजळा. घरच्यांना मूळ आणि नवा फोटो शेजारी दाखवा आणि रंग बदलला का, असे विचारा.

२. एकच फोटो तीन प्रकारे कापा. प्रत्येक तुकड्यातून वेगळा अर्थ निघतो का, ते लिहून काढा.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. कोणता फोटो पाहून आपण दान दिले होते? त्यातला माणूस आपल्याला आठवतो, की फक्त त्याची गरज?

२. आपले मूल शाळेच्या फीसाठी मदत घेत असते, तर त्याचा कसा फोटो छापलेला आपल्याला चालला असता?

३. हसणाऱ्या, काम करणाऱ्या, मोबाईल वापरणाऱ्या आदिवासी बांधवांचे फोटो पाहूनही आपण तितक्याच मोकळ्या हाताने देऊ का?