ग्राहकांचे लॉगिन बंद पडेल का?

प्रश्न : अंजूरला आमचे गोदाम आहे. माल ठेवणारे व्यापारी आमच्या पोर्टलवर लॉगिन करून शिल्लक साठा आणि गेटपास बघतात. हे लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या ‘अ‍ॅझ्युअर एडी बी२सी’वर चालते. ती सेवा बंद होणार, असे ऐकले. आता काय करावे?
– एक वाचक, अंजूर (ता. भिवंडी)

उत्तर : घाबरू नका, पण निवांतही राहू नका. मायक्रोसॉफ्टने 1 मे 2025 पासून बी२सीची नव्या ग्राहकांना विक्री थांबवली आहे. तुमच्यासारख्या जुन्या ग्राहकांना ती किमान मे 2030 पर्यंत वापरता येईल. फक्त ‘पी२’ ही वरची श्रेणी 15 मार्च 2026 पासून बंद आहे. तुम्ही ती घेतली होती का, हे बिलावर तपासा.

पर्याय आहे मायक्रोसॉफ्टचीच नवी सेवा ‘एन्ट्रा एक्स्टर्नल आयडी’. त्यात महिन्याला पहिल्या 50 हजार वापरकर्त्यांपर्यंत मूळ सेवेचे शुल्क नाही. एसएमएसने ओटीपी पाठवायचा तर पैसे वेगळे.

खरी मेख पासवर्डची. बी२सीतून नाव-ईमेल उतरवून घेता येते, पासवर्ड नाही. त्यामुळे स्थलांतरानंतर व्यापाऱ्यांना नवा पासवर्ड ठेवायला सांगावे लागू शकते किंवा ईमेलवरच्या ओटीपीने आत घेता येते. पोर्टल बनवणाऱ्याला ‘कस्टम पॉलिसी’ (लॉगिनचे खास लिहून घेतलेले नियम) वापरली आहे का, हे आधी विचारा. ती जशीच्या तशी नव्या सेवेत जात नाही, काम वाढते.

आधी चाचणीचे पोर्टल उभे करा, दोन-चार विश्वासू व्यापाऱ्यांकडून वापरून घ्या, मगच सगळ्यांना हलवा. आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत हा उद्योग मुळीच करू नका.